लेबलावरचं वय

जुन्या रॉक रेकॉर्डचं लेबल म्हणजे साधारण चार इंच व्यासाचा गोल कागद. त्यावर कंपनीचं चिन्ह असतं, गाण्यांची नावं असतात, ती कुणी रचली आणि त्यांचे हक्क कुणाकडे आहेत हे असतं, कॅटलॉग नंबर असतो आणि कडेकडेनं फिरत जाणारी बारीक अक्षरांतली कायद्याची ओळ असते. अल्बम तोच, देश तोच, कंपनीही तीच असली तरी दहा-बारा वर्षांत हे लेबल अनेकदा बदललेलं असतं. ते बदल वाचता आले की हातातली प्रत १९६३ सालची आहे की १९७३ सालची, हे दुकानदाराला न विचारता कळतं.

मी मुख्यतः साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या ब्रिटिश रेकॉर्ड जमवतो, थोड्या अमेरिकन. मुलगी इंग्लंडात असल्यामुळे तिथल्या रेकॉर्डच्या मेळ्यांत फिरायला मिळतं. इथे मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार आहेतच. पहिल्या खेपेच्या रेकॉर्डसाठी मी जीव टाकतो, कारण तिचे चर कापले तेव्हा मास्टर टेप ताजी होती आणि ज्यांनी ते संगीत घडवलं ते लोक जवळपास होते. तो आवाज पुढच्या खेपांत पुष्कळदा निसटतो. नव्यानं जमवायला लागलेली मुलं फोटो पाठवून विचारतात, ‘काका, फर्स्ट प्रेस आहे ना?’ त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

१. लेबल चिकटवलेलं नसतं

सुरुवात इथून करायची. रेकॉर्डच्या लेबलाला गोंद लागत नाही. प्रेसमध्ये वर आणि खाली दोन धातूचे साचे असतात, त्यांना स्टॅम्पर म्हणतात. मध्ये गरम, मऊ विनाइलचा गोळा ठेवतात, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लेबल ठेवतात आणि प्रेस बंद होतो. उष्णता आणि दाब यांनी विनाइल पसरतं, त्यावर चर उमटतात आणि त्याच क्षणी कागद विनाइलमध्ये बसतो. त्याआधी लेबलं भट्टीत वाळवून घेतात, कारण कागदात ओल राहिली तर वाफ होऊन लेबलाला फोड येतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे लेबल बदलणं जवळजवळ अशक्य आहे. लेबलाची कड नखाला लागत असेल, उचललेली वाटत असेल, तर ती रेकॉर्ड खाली ठेवावी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लेबलं आधी छापून गठ्ठ्यांनी कारखान्यात ठेवलेली असत. नवं डिझाइन आलं म्हणून जुना गठ्ठा कुणी फेकून देत नसे. तो संपेपर्यंत वापरत. त्यामुळे एका बाजूला जुनं लेबल आणि दुसऱ्या बाजूला नवं, अशा प्रती सापडतात आणि त्या अस्सल असतात. लेबल सांगतं ते कागद छापल्याचं वय. रेकॉर्ड त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची मात्र असू शकते. कुठलंही लेबल हातात घेताना मी हे पहिल्यांदा मनात आणतो.

२. प्रत्येक बदलाला कारण असतं. ते शोधलं की पाठांतर करावं लागत नाही

नवशिके याद्या पाठ करतात. पिवळं-काळं लेबल अमुक सालचं, चंदेरी लेबल तमुक सालचं. अशी पाठ केलेली यादी आठवड्यात विसरायला होते. कारण कळलं की विसरायला होत नाही.

पार्लोफोनचं उदाहरण घ्या. साठच्या दशकाच्या मध्यावरच्या ब्रिटिश लेबलांवर मधल्या भोकाजवळ एक वाक्य येतं: ही रेकॉर्ड ब्रिटनमध्ये ठरलेल्या किमतीच्या अटींवर विकली आहे, दरपत्रक पाहावं. तेव्हा उत्पादकानं किंमत ठरवायची आणि दुकानदारानं त्याखाली विकायचं नाही, अशी पद्धत तिथे होती. १९६४ च्या कायद्यानं बहुतेक वस्तूंसाठी ती मोडीत काढायला सुरुवात केली. दशक संपता संपता रेकॉर्डच्या लेबलांवरूनही ते वाक्य गेलं. म्हणून १९६३ च्या बीटल्सच्या पहिल्या प्रतींवर ते नाही, ‘रबर सोल’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’च्या पहिल्या प्रतींवर आहे, आणि सत्तरच्या दशकातल्या प्रतींवर पुन्हा नाही. ‘विद द बीटल्स’ची प्रत हातात आली आणि तिच्यावर ते वाक्य असलं, तर ती पहिल्या महिन्यांतली नाही एवढं तिथल्या तिथे ठरतं.

कराचंही तसंच. ब्रिटनमध्ये रेकॉर्डवर खरेदी कर होता, आणि कर कुठल्या दरानं भरला हे दाखवणारी दोन अक्षरं लेबलावर ठोकलेली असत. पार्लोफोन ज्या कंपनीचं होतं त्या ईएमआयच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर ‘केटी’ पुष्कळदा दिसतं. ती अक्षरं छापलेली नसतात, दाबलेली असतात. साध्या उजेडात दिसत नाहीत, टॉर्च आडवा धरला की उठून येतात. १ एप्रिल १९७३ ला तो कर जाऊन तिथे व्हॅट आला. त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनी लिमिटेड हे जुनं नाव जाऊन ईएमआय रेकॉर्ड्स लिमिटेड आलं, आणि कडेच्या ओळीतलं नाव बदललं. कडेला ईएमआय रेकॉर्ड्स असेल तर १९७३ च्या आधीची प्रत म्हणून कुणी विकत असेल तरी ऐकू नये.

अमेरिकेत ॲटलांटिकनं कडेला आपला पत्ता छापला. आधी १८४१ ब्रॉडवे, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ७५ रॉकफेलर प्लाझा, सोबत वॉर्नर कम्युनिकेशन्सचं चिन्ह. कंपनीनं घर बदललं त्याची नोंद लेबलावर राहिली. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमची अमेरिकन प्रत रॉकफेलर प्लाझाच्या पत्त्याची असली, तर ती चांगली वाजेल, पण १९६९ ची नाही.

३. एक लेबल नीट, शेवटपर्यंत वाचावं

बीटल्सचा ‘प्लीज प्लीज मी’ २२ मार्च १९६३ ला मोनोमध्ये निघाला, नंबर पीएमसी १२०२. स्टिरिओ महिनाभरानं, एप्रिलच्या अखेरीस आला. पहिल्या प्रतींचं लेबल काळं आणि त्यावर सोनेरी अक्षरं, पार्लोफोनचं नावही सोनेरी. काही आठवड्यांतच कंपनीनं नवं डिझाइन आणलं: काळ्यावर मोठं पिवळं पार्लोफोन. म्हणजे सोनेरी लेबलाची खेप मुळातच छोटी. त्यात स्टिरिओ उशिरा आला आणि तेव्हा ब्रिटिश घरांत स्टिरिओ यंत्रं कमी होती. म्हणून सोनेरी स्टिरिओ प्रत इतकी दुर्मीळ.

पण सोनेरी लेबल म्हणजे पहिली खेप, इथे थांबणारे पुष्कळ असतात. खरी गोष्ट पुढे आहे. लेबलावर गाण्यांच्या नावांखाली प्रकाशकांची नावं असतात. अगदी पहिल्या सोनेरी प्रतींवर ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’, ‘मिझरी’, ‘डू यू वाँट टू नो अ सीक्रेट’ आणि ‘देअर्स अ प्लेस’ या गाण्यांपुढे डिक जेम्स म्युझिक कंपनी असं येतं. नंतरच्या सोनेरी प्रतींवर त्याच गाण्यांपुढे नॉर्दर्न साँग्ज. कारण त्याच सुमारास प्रकाशक डिक जेम्सनी लेनन-मॅकार्टनीच्या गाण्यांसाठी नॉर्दर्न साँग्ज ही वेगळी कंपनी उभी केली. लेबल छापणाऱ्याकडे आधी जुनी माहिती गेली, मग दुरुस्ती गेली. ‘लव्ह मी डू’पुढे मात्र दोन्ही खेपांत तिसरंच नाव, आर्डमोर अँड बीचवुड, ते गाणं आधीच त्यांच्याकडे गेलेलं होतं.

हे लेबल मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते लंडनच्या एका मेळ्यात. विक्रेत्यानं प्लास्टिकमधून काढून हातात दिलं. सोनेरी शाई कागदावर किंचित उचललेली असते, रेकॉर्ड वाकडी केली की अक्षरं एकेक करून उजळतात आणि विझतात. पिवळ्या शाईचं तसं होत नाही. ती सगळीकडे सारखीच दिसते. गाण्यांच्या रचनाकारांत मॅकार्टनीचं नाव आधी आणि लेननचं नंतर छापलेलं आहे. पुढे जगाच्या तोंडी जो क्रम बसला त्याच्या उलट. त्या कागदावर चार मुलांचा धंदा नुकताच मांडला जात होता आणि कुणाचं नाव कुठे येणार हे अजून ठरत होतं, हे मला त्या लेबलानं जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्या चरित्रानंही नाही.

४. कंपन्यांची वळणं

सगळं सांगत बसलो तर ग्रंथ होईल. काही खुणा मात्र तोंडी असाव्यात.

आयलंडचं गुलाबी लेबल १९६७ ला सुरू झालं. आधी डोळ्यासारखं वर्तुळ, मग काळा ठोकळा, मग मोठा ‘आय’. १९७० च्या सुमारास ताडाच्या झाडाचं चित्र आणि फक्त कडेला गुलाबी पट्टी आली. किंग क्रिमझनचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ चा, म्हणजे तो पूर्ण गुलाबीच असायला हवा. ताडाचं झाड दिसलं की ती नंतरची प्रत.

व्हर्टिगोचं काळं-पांढरं भोवऱ्याचं लेबल रॉक जमवणाऱ्यांचं लाडकं. एका बाजूला संपूर्ण लेबलभर नुसता भोवरा, मजकूर दुसऱ्या बाजूला. रेकॉर्ड फिरू लागली की नजर आत ओढली जाते. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला याच लेबलावर निघाला. १९७३ च्या सुमारास भोवरा गेला आणि रॉजर डीननं काढलेलं अंतराळयान आलं.

ब्रिटिश डेकाचा मोनो लाल, स्टिरिओ निळा. साठच्या दशकात कंपनीचं नाव मोकळं छापलेलं, पुढे चौकटीत. अमेरिकन कॅपिटलची काळ्या लेबलाभोवतीची इंद्रधनुषी कड १९६९ ला गेली, हिरवं आलं, मग केशरी, मग जांभळं, आणि १९८३ ला इंद्रधनुष्य परत आलं. या परतीमुळे अनेक जण फसतात. अशा वेळी कव्हरची मागची बाजू पाहावी. बारकोड दिसला तर वाद संपला.

पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हार्वेस्ट, एसएचव्हीएल ८०४, मार्च १९७३. लेबलावरच्या लोलकाचा त्रिकोण पहिल्या ब्रिटिश खेपेत निळ्या रंगानं भरलेला आहे. नंतरच्या खेपांत नुसती त्रिकोणाची रेघ उरते. हा अल्बम इतक्या घरांत आहे की लोक उघडूनही बघत नाहीत. उघडून बघा. भरलेला त्रिकोण मिळाला तर कव्हरच्या आत हात घालून दोन पोस्टर आणि दोन स्टिकर आहेत का तेही बघा.

५. छपाईतल्या चुका जपाव्यात

चूक ही तारखेची सर्वात विश्वासू खूण. कारण ती कुणीतरी पाहतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे तिला आयुष्य थोडं असतं.

लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमच्या सुरुवातीच्या ब्रिटिश लेबलांवर ‘मिस्टी माउंटन हॉप’चं ‘मिस्टी माउंटन टॉप’ झालं आहे. त्यांच्याच दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या ब्रिटिश लेबलांवर ‘लिव्हिंग लव्हिंग मेड’ऐवजी ‘लिव्हिंग लव्हिंग रेक’ छापलं गेलं. रोलिंग स्टोन्सच्या एप्रिल १९६४ च्या पहिल्या अल्बमवर सुरुवातीला ‘मोना’चं नाव ‘आय नीड यू बेबी’ असं आहे. त्या अल्बमच्या अगदी पहिल्या प्रतींत आणखी एक गंमत आहे: ‘टेल मी’ हे गाणं पावणेतीन मिनिटांच्या आसपास संपतं, कारण चुकून वेगळा, छोटा टेक कापला गेला, नंतरच्या प्रतींत ते चार मिनिटांच्या पुढे जातं. म्हणजे लेबलावर शंका घेतली आणि घड्याळ लावून गाणं ऐकलं, तरी उत्तर मिळतं.

‘ॲबी रोड’च्या सप्टेंबर १९६९ च्या पहिल्या ब्रिटिश लेबलांवर शेवटचं छोटंसं ‘हर मॅजेस्टी’ छापलेलंच नाही. गाणं रेकॉर्डवर आहे, लेबलावर नाही.

६. दोन लेबलं सारखी, आवाज वेगळा: तेव्हा चरांच्या आत बघावं

लेबलाचं वाचन जिथे संपतं तिथून पुढचं काम शेवटच्या चरानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर होतं. तिला आम्ही रनआउट म्हणतो. तिथे मॅट्रिक्स नंबर असतो, म्हणजे कुठल्या कापणीतून ही बाजू आली तो आकडा.

लेड झेपलिनचा दुसरा अल्बम, ऑक्टोबर १९६९, अमेरिकन प्रत. बॉब लडविग यांनी स्टर्लिंग साउंडमध्ये तो इतका दणदणीत कापला की साध्या यंत्रांवर सुई उडायला लागली, म्हणून लगेच सौम्य कापणी करून पुढच्या प्रती काढल्या. दोन्हींचं लेबल तेच, लाल-हिरवं, १८४१ ब्रॉडवेचं. लेबल कितीही वेळ पाहिलं तरी फरक कळणार नाही. रनआउटमध्ये ‘आरएल’ ही कोरलेली अक्षरं असली तर ती लडविगची कापणी. दोन्ही प्रती मी पाठोपाठ लावून ऐकल्या आहेत. ‘होल लॉटा लव्ह’चा ड्रम पहिल्या कापणीत खोलीत येऊन उभा राहतो, दुसऱ्या कापणीत तो स्पीकरमध्येच राहतो.

बीटल्सच्या मोनो ‘रबर सोल’चंही असंच. दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स, एक्सईएक्स ५७९ आणि ५८०, ‘-१’नं संपत असतील तर ती जोरकस पहिली कापणी, ती लवकरच बदलली. ‘रिव्हॉल्व्हर’ मोनोच्या दुसऱ्या बाजूवर एक्सईएक्स ६०६-१ असेल तर ‘टुमॉरो नेव्हर नोज’चं वेगळंच मिक्स ऐकू येतं, कारण शेवटच्या क्षणी ते बदलायचं ठरलं तेव्हा काही प्रती दाबून झाल्या होत्या. लेबल तिन्हीकडे निर्विकार.

ईएमआयच्या हेज इथल्या कारखान्यानं रनआउटमध्ये आणखी एक गोष्ट ठेवली, आणि ती मला फार आवडते. मॅट्रिक्स नंबर घड्याळातल्या सहाच्या जागी धरला, तर नऊच्या जागी एक आकडा दिसतो. ती मदर, म्हणजे ज्या धातूच्या तबकडीवरून स्टॅम्पर काढले तिचा क्रमांक. तीनच्या जागी एक-दोन-तीन अक्षरं असतात. तो स्टॅम्परचा क्रमांक. जुने कापडवाले खरेदीची किंमत अक्षरांत लिहून ठेवत, तशी ही अक्षरांतली आकडेवारी आहे. ग्रामोफोन कंपनी लिमिटेड या जुन्या नावातून दहा अक्षरं घेतली: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. ‘आरएम’ दिसलं की तो चोविसावा स्टॅम्पर. आकडा जितका लहान तितकी प्रत साधारणपणे लवकरची. सोनेरी ‘प्लीज प्लीज मी’ हातात असेल, मदर १ असेल आणि स्टॅम्परचं एकच अक्षर असेल, तर ती रेकॉर्ड त्या मार्च महिन्याच्या किती जवळची आहे याचा अंदाज बांधता येतो.

वाचायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक बारीक टॉर्च पुरे. उजेड सरळ पाडायचा नाही, कडेनं पाडायचा.

७. लेबल आणि गाणं यांचं जमत नाही, असंही होतं

बॉब डिलनचा ‘फ्रीव्हीलिन’’ मे १९६३ चा. त्याच महिन्यात एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात डिलन जॉन बर्च सोसायटी या कम्युनिस्टविरोधी संघटनेवरचं आपलं गाणं म्हणणार होता. सीबीएसच्या लोकांनी परवानगी नाकारली, डिलन निघून गेला. ते गाणं अल्बममधूनही गेलं आणि एकूण चार गाणी बदलली. त्यांच्या जागी ‘मास्टर्स ऑफ वॉर’, ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ वगैरे आली. पण काही प्रती आधीच निघाल्या होत्या. त्यातल्या काही मोनो प्रतींवर लेबल नव्या गाण्यांचं आहे आणि चर जुन्या गाण्यांचे आहेत. रॉकच्या सर्वात दुर्मीळ रेकॉर्डपैकी ही एक, आणि लेबल वाचणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही. तिला मॅट्रिक्सचं ‘-१’ पाहून ओळखतात, नाहीतर सुई ठेवून.

हे घडण्याचं कारण पहिल्या मुद्द्यातच आहे. कागद एका खोलीत छापतात, धातू दुसऱ्या खोलीत घडतो, आणि दोन्ही प्रेसवर येऊन भेटतात.

८. बनावट

सर्वात जास्त नकला झालेली बीटल्सची रेकॉर्ड म्हणजे शिकागोच्या व्ही-जे कंपनीची ‘इंट्रोड्युसिंग द बीटल्स’, जानेवारी १९६४. नकला का झाल्या हे पाहण्यासारखं आहे. ‘लव्ह मी डू’ आणि ‘पी.एस. आय लव्ह यू’ या गाण्यांचे अमेरिकेतले हक्क कॅपिटलशी संबंधित बीचवुडकडे होते. त्यांनी कोर्टात धाव घेतली, व्ही-जेनं ती दोन गाणी काढून दुसरी दोन घातली. त्यामुळे दोन आवृत्त्या झाल्या, लेबलंही तीन-चार तऱ्हांची झाली, आणि पुढे कंपनी बुडाली. इतक्या गोंधळात नकला करणाऱ्यांना मोकळं रान मिळालं.

लेबलावर अल्बमचं नाव आणि ‘द बीटल्स’ ही अक्षरं, या दोन्हींच्या मध्ये मधलं भोक येत असेल, म्हणजे नाव वर आणि बीटल्स खाली, तर ती नक्कल. भोकाच्या वर दोन्ही असतील तर पुढे तपासायला अर्थ आहे. बाकी कुठल्याही नकलेत छपाईचा पोत पाहावा. मूळ लेबलाचा फोटो काढून छापलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा भिंगाखाली विरघळलेल्या दिसतात.

९. वापराच्या खुणा आणि आपली हवा

मधल्या भोकाभोवती केसासारख्या बारीक रेघा दिसतात. मालकानं रेकॉर्ड यंत्रावर ठेवताना खुंटी चुकवली, की त्या पडतात. चर चकाकत असूनही लेबलावर अशा रेघांचं जाळं असेल, तर रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे. लेबलावर शाईनं लिहिलेलं मालकाचं नाव किंवा जुन्या दुकानाचा शिक्का खरवडू नये. किंमत थोडी कमी होईल, पण कागदाची वरची कातडी निघाली तर सगळंच गेलं.

आपल्याकडे पावसाळ्यात लेबलाला बुरशी येते. रेकॉर्ड धुताना लेबल कोरडं राहील असं झाकण मिळतं, ते वापरावं. अल्कोहोलचे थेंब लेबलावर पडले तर काही शाया पसरतात. लाल आणि गडद निळी लेबलं जास्त. आणि ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डना अल्कोहोल अजिबात लावू नये, लाख विरघळते.

१०. दमदमच्या प्रती

शेवटी आपल्याकडच्या रेकॉर्डबद्दल, कारण या इथे अजून निघतात.

ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याला दमदमला होता आणि तिथे बीटल्स दाबले गेले. त्यासाठी लागणारा धातू पुष्कळदा हेजहून येई, त्यामुळे दमदमच्या प्रतीच्या रनआउटमध्ये इंग्लंडचाच मॅट्रिक्स नंबर सापडतो. इथे सगळा हिशेब उलटा होतो. चर सांगतात हेज, आणि खरं सांगतं ते लेबल: ‘मेड इन इंडिया’. चोर बाजारात यूके प्रेस म्हणून दाखवलेली रेकॉर्ड मी आधी कडेच्या ओळीवर तपासतो, मग कव्हरच्या तळाशी छपाई कुठली आहे ते बघतो. भारतीय प्रत कमी दर्जाची असं मला वाटत नाही. धातू तोच असेल आणि प्रत जपलेली असेल, तर मोनो बीटल्स दमदमहूनही अप्रतिम वाजतात.

त्याहून मोलाच्या आहेत बीटल्सच्या ७८ च्या तबकड्या. इंग्लंडनं ७८ थांबवल्यानंतरही भारतात चावीची यंत्रं घराघरांत होती, म्हणून इथे पार्लोफोनच्या लेबलावर बीटल्स लाखेतही निघाले. जगभरचे लोक आज त्या शोधतात. त्यांच्या लेबलांचे प्रकार, रंग, कडेच्या ओळी मी माझ्या वहीत उतरवत आलो आहे आणि वही अजून भरायची आहे. कोकणातल्या, नागपूरच्या, गोव्याच्या जुन्या घरांत माळ्यावर नाट्यसंगीताच्या तबकड्यांत एखादी सापडते. घर आवरताना ती पेटी भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही लेबलांचे, आणि लेबलाशेजारच्या कोरलेल्या आकड्यांचे, उजेड कडेनं पाडून फोटो काढून ठेवावेत. चार फोटो पुरतात, आणि तेवढ्यावरून ती कुठे व केव्हा दाबली गेली हे बहुतेक वेळा सांगता येतं.